जिमच्या मशीनवर आपण किती वॉट काढतो ते स्वतः कसं मोजायचं

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते आणि लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर, ते आधी लावायचे तेवढेच किलो परत लावायला लागले होते, घरात सगळे खुश, पण बडोद्याच्या रावपुऱ्यात रस्ता ओलांडायची वेळ आली की त्यांचे पाय उचलत नव्हते, लांबून रिक्षा दिसली तरी थांबून राहायचे. किलो तर तेच, मग गेलं काय? गेला होता वेग. तेच वजन ते आता दुप्पट वेळ घेऊन ढकलत होते, म्हणजे पॉवर अर्धी झालेली आणि वहीत मात्र सगळं ठीक दिसत होतं. वय वाढतं तशी ताकद कमी होते हे आपल्याला माहीत असतं पण पॉवर त्याच्याही आधी आणि त्याहून जास्त कमी होते, कारण झटकन आकुंचन पावणारे स्नायूतंतू आधी बारीक होत जातात. त्या दिवसापासून मी वहीत किलोच्या शेजारी वॉट लिहायला लागलो.

बडोद्यात व्यायामाचं वेड जुनं आहे, प्रोफेसर माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाममंदिर इथल्या मराठी घरांतून सगळ्यांना माहीत असतं, आमच्याकडे आजोबांची मुद्गलांची जोडी अजून जिन्याखाली उभी आहे. तरी जिममध्ये कोणाला विचारा की बाबा रे तू किती पॉवर काढतोस, तर उत्तर येतं साठ किलो. साठ किलो हे बल झालं. बल, अंतर आणि वेळ हे तिन्ही एकत्र आले की मग पॉवर. भिंतीला दोन्ही हातांनी दहा मिनिटं जीव तोडून ढकला, घामाघूम व्हाल, पण भिंत हलली नाही म्हणून भिंतीवर झालेलं काम शून्य आणि पॉवरही शून्य. शरीरानं ऊर्जा खर्च केली ती सगळी उष्णतेत गेली. ही गोष्ट एकदा मनात बसली की पुढचं सगळं सोपं आहे.

हिशोब असा. काम = बल × बलाच्या दिशेनं झालेली हालचाल. पॉवर = काम ÷ वेळ, किंवा त्या क्षणाचं बल × त्या क्षणाचा वेग. बल न्यूटनमध्ये, अंतर मीटरमध्ये, वेळ सेकंदात घेतलं की उत्तर थेट वॉटमध्ये येतं. आपले काटे किलो दाखवतात, म्हणून काट्यावरच्या किलोला ९.८१ नं गुणायचं की न्यूटन झाले. हे ९.८१ विसरलं की उत्तर दहापट कमी येतं आणि माणूस समजतो की आपल्यात काही दमच नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ७४६ वॉट म्हणजे एक हॉर्सपॉवर. माणूस काही सेकंदांसाठी एक हॉर्सपॉवरच्या वर जाऊ शकतो, ६५ किलोचा एखादा मुलगा एक मजला म्हणजे साधारण ३ मीटर उंची अडीच सेकंदात पळत चढला तर ६५ × ९.८१ × ३ ÷ २.५ = ७६५ वॉट. पण तोच मुलगा अर्धा तास सायकल मारेल तेव्हा शंभर-दीडशे वॉटवर येईल. म्हणून कोणी वॉटचा आकडा सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा, किती वेळासाठी?

आता सामान. साधी सोय म्हणजे बॅगा तोलायचा लटकता डिजिटल काटा, हँडल आणि केबलच्या मध्ये अडकवायचा. स्थिर बल बघायला तो चालतो पण तो सेकंदातून दोन-तीन वेळाच आकडा बदलतो आणि स्थिर झाला की लॉक होतो, त्यामुळे ओढताना बल कसं चढलं-उतरलं ते त्यात दिसत नाही. खरं काम करायचं असेल तर एस टाइप लोड सेल घ्या, म्हणजे ओढ लागली की तिचा विजेचा सिग्नल देणारा धातूचा तुकडा, २०० किलोचा पुरतो, त्याला तो सिग्नल आकड्यात बदलणारं एचएक्स ७११ चं छोटं बोर्ड आणि ते आकडे नोंदवायला आर्डुइनो किंवा ईएसपी ३२ हा छोटा कंट्रोलर. हे सगळं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं, आणि एखादा डिप्लोमाचा पोरगा घरात असेल तर एका रविवारी जोडून देतो. एक गोष्ट लक्षात ठेवा, एचएक्स ७११ सेकंदाला १० किंवा ८० वेळा माप घेतं आणि बरेचसे बोर्ड १० वर सेट होऊन येतात. एक ओढ पाऊण सेकंदात संपते, १० च्या सेटिंगवर त्यात सात-आठच मापं मिळतील. शक्य असेल तर ८० वर करून घ्या, आकडे थोडे थरथरतात पण आकार नीट दिसतो.

लोड सेल आणला की लगेच मशीनवर लावू नका. आधी कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेली वजनं लटकवून आकडे जुळवून घेणं. मी २० लिटरचा पाण्याचा जग वापरतो, २० लिटर पाणी म्हणजे २० किलो, रिकाम्या जगचं वजन वेगळं करून त्यात मिळवायचं. किराणा दुकानदाराशी ओळख असेल तर त्याच्याकडची शिक्का मारलेली ५ आणि १० किलोची वजनं मागून आणा, ती सगळ्यात भरवशाची. रिकामं, ५, १०, २०, ३० असे टप्पे चढवत न्या आणि तसेच उतरवत आणा, चढताना आणि उतरताना आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, नसतील तर कुठेतरी नट ढिला आहे किंवा सेल तिरका लटकतोय. आणि लोड सेल जोडायला जे हूक किंवा शॅकल वापराल ते जाड आणि लॉकवाले घ्या. ओढताना हूक निसटला तर हँडल सरळ तोंडावर येतं, यात कंजुषी अजिबात नको. जिमच्या मालकाला आधी विचारा हेही सांगून ठेवतो, त्याचं मशीन आहे.

बल मिळालं, आता हालचाल. इथे फोन कामाला येतो. वजनांच्या थप्पीशेजारच्या दांडीवर दर १० सेंटीमीटरला रंगीत टेप चिकटवा, थप्पीवर एक पांढरा ठिपका, फोन स्टँडवर सरळ समोर ठेवा, तिरका नाही, आणि स्लो मोशनमध्ये शूट करा. सेकंदाला १२० फ्रेमवाल्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे १२० वा भाग सेकंद, फ्रेम मोजल्या की वेळ मिळाली. ट्रॅकर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फिजिक्स शिकवणारे वापरतात, त्यात ठिपक्यावर क्लिक करत गेलं की स्थिती आणि वेग आपोआप काढून देतं. नसेल जमत तर कागद-पेन्सिलनं पण होतं, मी सुरुवातीला तसंच केलं.

एक उदाहरण आख्खं करून दाखवतो. बसून ओढायचं मशीन, ज्याला सगळे सीटेड रो म्हणतात. थप्पी ३० किलोची, केबल सरळ म्हणजे हात जितका हलतो तितकीच थप्पी हलते. एक ओढ ०.८ सेकंदात झाली, हँडल ५६ सेंटीमीटर आलं. ०.१ सेकंदाचे आठ तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात हँडल किती सेंटीमीटर हललं आणि लोड सेलवर सरासरी किती किलो होते ते असं:

२ सेंमी, ४५ किलो
६ सेंमी, ४४ किलो
९ सेंमी, ४१ किलो
११ सेंमी, ३६ किलो
११ सेंमी, ३० किलो
९ सेंमी, २५ किलो
६ सेंमी, २२ किलो
२ सेंमी, २१ किलो

बघा थप्पी ३० किलोची आहे पण सुरुवातीला ४५ दाखवतोय आणि शेवटी २१. यात काही चूक नाही. सुरुवातीला थप्पीला वेग द्यायचा असतो म्हणून जास्तीचं बल लागतं, शेवटी थप्पी आपल्याच वेगानं वर सरकत असते म्हणून हाताला हलकी वाटते. आता प्रत्येक ओळीचा गुणाकार करा, ९०, २६४, ३६९, ३९६, ३३०, २२५, १३२, ४२, बेरीज १८४८. हे किलो-सेंटीमीटर झाले, १०० नं भागून १८.४८ किलो-मीटर, ९.८१ नं गुणून १८१ ज्यूल. हे एका ओढीचं काम. ०.८ सेकंदानं भागलं की २२७ वॉट.

हीच बेरीज म्हणजे बल आणि अंतराच्या ग्राफखालचं क्षेत्रफळ. बल उभं, अंतर आडवं, दोघांच्या मधला भाग रंगवला की तुमचं काम डोळ्यांना दिसतं. दोन माणसांचे ग्राफ शेजारी ठेवले की एकाचा डोंगर सुरुवातीला उंच आणि मग पडलेला, दुसऱ्याचा पसरट, आणि तरी क्षेत्रफळ सारखं असू शकतं. मला हा ग्राफ फार आवडतो, माणूस कसा ओढतो त्याची सहीच असते ती.

वरच्या उदाहरणातला सगळ्यात मोठा एका तुकड्यातला आकडा चौथ्या ओळीत आहे, ३६ किलो आणि वेग १.१ मीटर प्रति सेकंद, ३६ × ९.८१ × १.१ = ३८८ वॉट. ही पीक पॉवर. पुष्कळ जण इथे काय करतात, सगळ्यात मोठं बल ४५ आणि सगळ्यात मोठा वेग १.१ घेऊन गुणाकार करतात, येतात ४८६ वॉट, आणि तो आकडा मित्रांना सांगतात. पण ४५ किलो होते तेव्हा वेग फक्त ०.२ होता. दोन वेगवेगळ्या क्षणांचे आकडे एकमेकांना गुणायचे नाहीत. बल ज्या क्षणाचं, वेगही त्याच क्षणाचा.

सरासरीचंही तसंच. या उदाहरणात सरासरी बल ३३ किलो आणि सरासरी वेग ०.७, गुणाकार केला तर २२७ च येतो, पण तो या ओढीचा वेग मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखा चढला-उतरला म्हणून. प्रत्येक वेळी असं जुळणार नाही. समजा अर्धा वेळ तुम्ही ४० किलोनं १ मीटर प्रति सेकंद वेगानं ढकलताय आणि अर्धा वेळ १० किलोनं ०.२ वेगानं. खरी सरासरी पॉवर ४० आणि २ यांची सरासरी २१ किलो-मीटर प्रति सेकंद, म्हणजे २०६ वॉट. सरासरी बल २५ गुणिले सरासरी वेग ०.६ केलं तर १५ येतात, म्हणजे १४७ वॉट. पन्नास-साठ वॉट हवेत गेले. म्हणून आधी गुणाकार, मग सरासरी, हा क्रम उलटा करायचा नाही.

आणि बल आणि व्हिडिओ एकाच घड्याळावर आणणं हे या सगळ्यात सगळ्यात किचकट. माझे पहिले पंधरा दिवस यातच गेले. वरच्याच उदाहरणात बलाचे आकडे फक्त ०.१ सेकंद उशिरा धरले, पहिल्या तुकड्याला ३३ किलो धरून बाकी सगळे एक ओळ खाली सरकवले, तर बेरीज १८४८ ऐवजी २०४३ येते आणि पॉवर २२७ ची २५० होते. एक दशांश सेकंदात दहा टक्के. उपाय सोपा आहे, आर्डुइनोला एक एलईडी लावा जो रेकॉर्डिंग सुरू होताच पेटेल, आणि तो एलईडी व्हिडिओच्या चौकटीत दिसला पाहिजे. ज्या फ्रेममध्ये एलईडी पेटला ती शून्य वेळ.

आता पुली. जिममधल्या ज्या मशीनवर दोन बाजूंना दोन उभे खांब आणि वरखाली सरकणारी हँडलं असतात त्यात बहुतेक वेळा दोनास एक पुली असते, हात २ मीटर हलला की थप्पी १ मीटर उचलली जाते आणि हाताला थप्पीच्या निम्मंच वजन लागतं. तिथे थप्पीवर लिहिलेले ३० किलो घेऊन हाताच्या अंतरानं गुणलं तर पॉवर दुप्पट येईल. टेप घ्या, हँडल बरोबर १ मीटर ओढा, थप्पी किती सरकली बघा, दोन मिनिटांचं काम आहे. लोड सेल हँडलजवळ असेल तर अंतर हँडलचं घ्या, थप्पीजवळ असेल तर थप्पीचं घ्या, दोघांची सरमिसळ नको. पंचेचाळीस अंशाच्या लेग प्रेसवर सगळं वजन पायावर येत नाही, उतारामुळे ०.७१ पट येतं, म्हणजे गाडी आणि प्लेटा मिळून १०० किलो असतील तर पायाला रुळांच्या दिशेनं ७१ किलो. यात गाडीचं स्वतःचं वजन धरायचं, ते प्लेटांवर लिहिलेलं नसतं, मशीनच्या पाटीवर बघा.

घर्षण पण मोजा, मजा येते. थप्पी अगदी सावकाश एकसारख्या वेगानं वर न्या, लोड सेल समजा ३३ दाखवतो. तशीच सावकाश खाली आणा, २७ दाखवतो. दोघांची सरासरी ३० म्हणजे खरी थप्पी आणि फरकाचा निम्मा ३ किलो म्हणजे घर्षण. उचलताना घर्षण तुमच्या विरुद्ध, सोडताना तुमच्या बाजूनं. वरच्या उदाहरणात बरोबर हेच झालंय, ३३ × ०.५६ = १८.४८. आता लक्षात आलं का, ओढ थांबलेल्या स्थितीत सुरू होऊन थांबलेल्या स्थितीत संपली तर वेग देण्यात गेलेलं काम शेवटी परत मिळतं, त्यामुळे एका ओढीच्या एकूण कामासाठी थप्पी अधिक घर्षण गुणिले उंची एवढं पुरतं, लोड सेल नसला तरी चालतं. पण थप्पी वर जाऊन धाडकन आपटली किंवा केबल ढिली पडली तर हा हिशोब मोडतो. पीक पॉवर हवी असेल तर मात्र लोड सेलला पर्याय नाही.

वजन खाली सोडताना काय धरायचं हा वाद जिममध्ये नेहमी होतो. खाली सोडताना बल वर आणि हालचाल खाली, म्हणजे यंत्राच्या हिशोबानं काम ऋण. आख्ख्या रेपचं, म्हणजे एक ओढ आणि एक सोड दोन्हींचं, मिळवलं तर फक्त घर्षणात गेलेलं काम उरेल, आणि तसं लिहून उपयोग नाही कारण स्नायू दोन्ही वेळा राबतात. मी फक्त ओढायचा भाग धरतो. पण मग वेळ कोणती धरली ते सोबत लिहिणं जरूर आहे. वरच्या ओढीला ०.८ सेकंद, सोडायला आणि श्वास घ्यायला २.२, रेप ३ सेकंदाची. ओढीपुरती पॉवर २२७ वॉट, आख्ख्या सेटची सरासरी १८१ ÷ ३ = ६० वॉट. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत.

आता सायकल, माझं सगळ्यात आवडतं मशीन, कारण यात आवर्तन सारखं चालू असतं आणि दोन स्प्रिंग काट्यांवर काम होतं, इलेक्ट्रॉनिक्स काही लागत नाही. ज्या एक्सरसाइज सायकलला पुढे उघडं जड चाक असतं ती घ्या, तिचा स्वतःचा ब्रेक पूर्ण ढिला करा. चाकावरून सुती दोरी अर्धा वेढा घालून टाका आणि दोरीची दोन्ही टोकं एकेका स्प्रिंग काट्याला बांधा, काटे फ्रेमला पक्के. इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये यालाच रोप ब्रेक डायनॅमोमीटर म्हणतात, मूळ कल्पना फ्रेंच इंजिनिअर प्रोनी यांची, १८२१ सालची, इंजिनांची पॉवर मोजायला काढलेली. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं त्या शहरात आपण राहतो, आपल्याला हे घरी करायला काय हरकत आहे.

पायडल मारायला लागलं की एक काटा ताणला जातो, दुसरा ढिला होतो. दोघांतला फरक हे चाकाला अडवणारं बल. चाकाचा परीघ दोरा गुंडाळून मोजा, समजा १.४ मीटर. मग पायडलचा एक फेरा झाला की चाक किती फेरे घेतं ते हातानं सावकाश फिरवून मोजा, समजा ४. मिनिटाला ७० पायडल म्हणजे चाकाचे २८० फेरे, दोरीखालून सरकणारी कड २८० × १.४ ÷ ६० = ६.५३ मीटर प्रति सेकंद. काटे २.६ आणि ०.६ किलो दाखवतात, फरक २, म्हणजे १९.६ न्यूटन. १९.६ × ६.५३ = १२८ वॉट. झालं. चेन आणि बेअरिंगमध्ये थोडी पॉवर जाते ती यात येत नाही, म्हणजे पायांनी १२८ पेक्षा जराशी जास्तच दिली.

दोरी तापते हे आधीच सांगतो. तुमचे सगळे १२८ वॉट त्या दोरीतच उष्णता होतात, सोल्डरिंगच्या इस्त्रीपेक्षा जास्त. नायलॉनची दोरी वितळते म्हणून सुतीच घ्या, दोन-तीन मिनिटांवर एका वेळी जाऊ नका, ओढणी, पदर, सैल पायजमा चाकाजवळ येऊ देऊ नका आणि लहान मुलं खोलीबाहेर. उत्तरायणात फिरकीचा मांजा बोट कसा कापतो ते आपल्याला माहीत आहे, इथे तर जड चाक आहे.

प्रयोगशाळेतल्या मोनार्क सायकली याच तत्त्वावर आहेत, पट्टा आणि चाक. त्यात पायडलच्या एका फेऱ्यात चाकाची कड ६ मीटर सरकते, म्हणून हिशोब तोंडपाठ होतो, १ किलो बल, ६० फेरे, ३६० किलो-मीटर प्रति मिनिट, म्हणजे ५९ वॉट. विंगेट टेस्ट म्हणून जी ३० सेकंदांची जीवघेणी परीक्षा आहे ती अशाच सायकलवर करतात, वजनाच्या साडेसात टक्के एवढं बल लावून. ती एकट्यानं घरी करू नका, संपल्यावर चक्कर येते आणि उलटी पण होते.

पायडलवरच मोजायचं असेल तर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, घ्यावा लागतो. पायडलवर पाय टाकून सरळ खाली दाबलं तरी क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, अगदी वर किंवा अगदी खाली असतो तेव्हा त्या बलाचा काही उपयोग नाही, ते नुसतं दांड्यात घुसतं. फिरवतो तो फक्त क्रँकशी काटकोनात असलेला भाग. तो सरासरी भाग न्यूटनमध्ये, गुणिले क्रँकची लांबी, बहुतेक ०.१७ मीटर, म्हणजे टॉर्क. टॉर्क × २ × ३.१४ × फेरे ÷ ६०. २० न्यूटन-मीटर आणि ९० फेरे असतील तर १८८ वॉट. उलरिख शोबरर या जर्मन इंजिनिअरनं १९८६ मध्ये एसआरएम पॉवर मीटर काढला तो क्रँकमध्ये स्ट्रेन गेज, म्हणजे धातू किती ताणला ते मोजणारी पट्टी, बसवूनच, आजचे सायकलवाले जे वापरतात त्यातले बरेच त्याच वाटेनं जातात. स्वस्तातले काही फक्त डावा पाय मोजून दुप्पट करतात. दोन्ही पाय सारखे असतील तर ठीक. बाबांसारखा एक गुडघा ऑपरेशनचा असेल तर तो आकडा फसवतो, डावा पाय चांगला असेल तर पॉवर खोटी वाढलेली दिसेल, डावा कमजोर असेल तर उगीच कमी.

रोइंगच्या म्हणजे वल्ही मारायच्या मशीनवर हवेचा पंखा असतो, कॉन्सेप्ट टू कंपनीचं असेल तर स्क्रीनवर ५०० मीटरला किती वेळ ते येतं, त्यावरून वॉट काढायचं सूत्र २.८० भागिले एका मीटरला लागलेल्या सेकंदांचा घन. ५०० मीटरला २ मिनिटं म्हणजे मीटरला ०.२४ सेकंद, घन ०.०१३८, २.८० ÷ ०.०१३८ = साधारण २०३ वॉट. घन आहे म्हणून थोडा वेग वाढवायला भरपूर जास्त पॉवर लागते, दमलेल्या माणसाला हे सूत्र न सांगता कळतं. ट्रेडमिलवर सपाट पळताना बाहेर काम जवळजवळ काहीच होत नाही, तिथे वॉट शोधू नका. चढ लावा, १० टक्के चढ, ताशी ५ किलोमीटर, ७० किलोचा माणूस, ९५ वॉट, आणि कठडा धरून चाललात तर तेही नाही कारण थोडं वजन हात पेलतात. जिमच्या चुंबकी सायकलींच्या स्क्रीनवरचे वॉट बऱ्याचदा लेव्हल आणि फेऱ्यांवरून तक्त्यातून उचललेले असतात, बल कुठे मोजलेलंच नसतं. त्याच मशीनवर कालच्यापेक्षा आज जास्त का एवढ्यापुरते वापरा.

कॅलरीचं पण विचारतात म्हणून. १०० वॉटनं अर्धा तास म्हणजे १८० किलोज्यूल, यंत्राच्या हिशोबानं फक्त ४३ किलोकॅलरी. पण सायकलवर शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्के, बाकी सगळी उष्णता, मे महिन्यात बडोद्यात पंख्याशिवाय सायकल मारून बघा म्हणजे पटेल. म्हणून शरीरानं खर्च केलेल्या किलोकॅलरी साधारण १७० ते २१५, म्हणजे ढोबळ मानानं बाहेर काढलेले जेवढे किलोज्यूल तेवढ्याच जाळलेल्या किलोकॅलरी. हा योगायोग लक्षात ठेवायला फार सोयीचा आहे.

आणि ज्यांच्याकडे मशीन, लोड सेल काहीच नाही, घरात फक्त वयस्कर आई-वडील आहेत, त्यांच्यासाठी खुर्ची. बिनहाताची, ४३-४५ सेंटीमीटर उंच, भिंतीला टेकवून ठेवा आणि शेजारी उभे राहा. हात छातीवर दुमडून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, जमेल तेवढ्या लवकर, वेळ घ्या. उठताना शरीराच्या साधारण ९० टक्के वजन वर जातं, कारण पावलं आणि पोटऱ्या जवळजवळ जागीच असतात. उचललेली उंची म्हणजे माणसाच्या उंचीचा निम्मा वजा खुर्चीची उंची. एका फेरीतला निम्मा वेळ उठण्याचा धरायचा. बाबा ६८ किलो, उंची १.६५ मीटर, खुर्ची ०.४३, म्हणजे ०.८२५ वजा ०.४३ = ०.३९५ मीटर. पाच फेऱ्यांना १२.५ सेकंद, एकीला २.५, उठायला १.२५. ६८ × ०.९ × ९.८१ × ०.३९५ ÷ १.२५ = १९० वॉट. गुडघा दुखायला लागला, चक्कर आली की तिथेच थांबायचं, आणि ऑपरेशन नवीन असेल तर फिजिओला विचारल्याशिवाय सुरूच करायचं नाही.

नंतर फिजिओच्या सल्ल्यानं बाबांच्या लेग प्रेसवरचं वजन कमी केलं आणि ढकलायचं लवकर, सोडायचं सावकाश असं ठरवलं. दर रविवारी सकाळी नाश्त्याच्या आधी, तीच खुर्ची, तीच चप्पल काढलेली, मी मोबाइलवर वेळ घेतो आणि आई वहीत लिहिते. परवा पाच फेऱ्या १० सेकंदांत झाल्या. २३७ वॉट.